विषय क्रमांक अकरा

सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या नोटिशीइतका प्रामाणिक कागद मराठीत दुसरा नसेल. ‘सभा रविवारी सकाळी ठीक दहा वाजता पार्किंगमध्ये सुरू होईल. गणसंख्या पूर्ण न झाल्यास सभा अर्धा तास तहकूब करून त्याच ठिकाणी साडेदहा वाजता घेण्यात येईल व त्या सभेस गणसंख्येचे बंधन राहणार नाही.’ दहाला कोणी येणार नाही हे नोटीस काढणाऱ्याला ठाऊक असतं, वाचणाऱ्यालाही ठाऊक असतं, आणि तरी ‘ठीक’ हा शब्द काढायची हिंमत दोघांनाही होत नाही.

कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीत ही नोटीस मी काढतो, कारण मी सचिव आहे. ज्या सभेत मी सचिव झालो त्या सभेला मी नव्हतो. गैरहजर माणसाची निवड आमच्याकडे नेहमी एकमताने होते. कायद्याप्रमाणे सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, चौदा दिवस आधी नोटीस लावावी लागते. नोटिशीवर अकरा विषय असतात. पहिला, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. अकरावा, सचिवांचा राजीनामा स्वीकारणे. मधले नऊ विषय टाकी, लिफ्ट, मांजरं, पाहुण्यांच्या गाड्या असे फिरते असतात. पहिला आणि अकरावा मात्र कायमचे, कारण सभा पहिल्याच्या पुढे फारशी जातच नाही.

“‘टाकी गळते’ असं मी म्हणालेच नव्हते,” बी-चारच्या काकू इतिवृत्त ऐकून उठतात. “‘झिरपते’ म्हणाले होते.”

“काकू, अर्थ एकच ना?”

“मग लिहिताना बदललंत कशाला?”

यावर दोन्ही विंगचे वक्ते बोलतात. टाकी तेवढ्या वेळात आपलं काम करत असते. पोहे संपतात, एक वाजतो, आणि पुण्यात दुपारी एकनंतर उरलेला कुठलाही विषय पुढच्या वर्षाचा होतो. माझा राजीनामा अशा रीतीने दरवर्षी छापला जातो. वाचला जात नाही.

यंदा तिसऱ्या मजल्यावरचे अण्णा मदतीला धावले. अण्णांची हयात विधिमंडळ सचिवालयात गेली. आता ते निवृत्त आहेत, पण घरात अजून सकाळी सकाळी दिवसाच्या कामकाजाचा क्रम लागतो आणि त्यात वहिनींच्या दोन सूचना असतातच. भाजीवालीने भाव सांगितला की अण्णा “माहिती पटलावर आली आहे” म्हणतात आणि पुढच्या गाडीकडे वळतात.

“तुमचं घोडं कुठे अडलंय सांगू?” ते मला जिन्यात म्हणाले. “तुमच्याकडे कामकाज आहे. कामकाज सल्लागार समिती नाही.”

मग त्यांनी जिन्यातच मला राज्यघटनेच्या जवळपास नेऊन आणलं. विधानसभेत २८८ आमदार. प्रत्येकाला बोलायचं असतं, आणि तेही शेजारच्याआधी. म्हणून कोणतं विधेयक कधी घ्यायचं, त्याला किती वेळ द्यायचा, अधिवेशन किती दिवस चालवायचं, हे आधी कामकाज सल्लागार समितीत ठरतं. विधानसभेचे अध्यक्ष तिचे प्रमुख. सत्ताधारी आणि विरोधक, दोन्हीकडचे नेते तिच्यात. सभागृहात एकमेकांवर तुटून पडणारी माणसं तिथे वेळापत्रक पुढ्यात घेऊन शेजारी शेजारी बसतात.

“आणि भांडणं?” मी विचारलं.

“होतात की! काय बोलायचं यावर भांडण्याआधी कधी बोलायचं यावर भांडून घेतात. पाया पक्का होतो.”

मला पायाशी कर्तव्य नव्हतं. मला विषय अकरापर्यंत पोचायचं होतं. मी होकार दिला.

अण्णांचा पहिला आदेश निघाला: सभेआधी चहापान. महाराष्ट्रात अधिवेशनाच्या पूर्वसंध्येला मुख्यमंत्री विरोधकांना चहाला बोलावतात. विरोधक चहावर बहिष्कार घालतात आणि पत्रकार परिषद घेऊन बहिष्काराची कारणं सांगतात. मग सरकार पत्रकार परिषद घेऊन त्या कारणांचा समाचार घेतं. सरकारं बदलतात, काल चहाचं निमंत्रण धाडणारा आज ते नाकारतो, आज नाकारणारा उद्या किटली मांडून बसतो. प्रथा चालू राहते. न प्यायलेल्या चहाने लोकशाहीची एवढी सेवा दुसरीकडे कुठे केली असेल असं वाटत नाही.

आम्हीही चहा ठेवला. बी विंगने अपेक्षेप्रमाणे बहिष्कार घातला. व्हॉट्सॲप गटावर पत्रक आलं: ‘टाकीबाबत असंवेदनशील असणाऱ्या समितीच्या चहाचा एक घोटही आम्ही घेणार नाही.’ पाठोपाठ काकूंचा मला वेगळा निरोप: ‘आमच्या चौघांचा वर पाठवा. एक बिनसाखरेचा.’

दुसऱ्या दिवशी समिती बसली. अध्यक्षस्थानी कर्नलसाहेब, ए विंगतर्फे तळमजल्यावरचे वकीलसाहेब, बी विंगतर्फे काकू, निमंत्रित अण्णा, आणि कागद सावरायला मी. पहिला प्रश्न: सभा किती वेळ चालावी?

“दोन तास पुष्कळ झाले,” वकीलसाहेब म्हणाले.

“दोन तासांत काय होतंय? आमचे प्रश्न टाळायचा डाव आहे हा. सभा चार तास चाललीच पाहिजे.”

“काकू, गेल्या खेपेला तर तुम्ही अकरालाच निघून गेलात.”

“तो सभात्याग होता.”

अण्णांना गहिवरून आलं. अगदी असंच असतं म्हणाले. विरोधक कालावधी वाढवा म्हणतात, सरकार कामकाज बघून ठरवू म्हणतं. बाकं बदलली की वाक्यंही बदलून घेतात, नवीन पाठ करायला लागत नाहीत. “नागपूरचं हिवाळी अधिवेशन २०२३ साली ७ ते २० डिसेंबर चाललं. २०२४ साली १६ ते २१. थंडी तेवढीच होती.”

“एवढ्याशा दिवसांत कामं कशी उरकली?” कर्नलसाहेबांनी विचारलं.

“कामं आहेतच, पण त्या वर्षी गंमत वेगळी. मंत्र्यांचा शपथविधी नागपुरात झाला १५ डिसेंबरला, आणि खातेवाटप जाहीर झालं २१ ला, अधिवेशन संपलं त्या दिवशी. मंत्री होते, खाती नव्हती.”

“आमच्या खजिनदारांचं उलटं आहे,” वकीलसाहेब म्हणाले. “खातं आहे, खजिनदार सापडत नाहीत.”

शेवटी ठरलं की सभा तीन तास चालेल आणि पहिल्या तासानंतर समिती पुन्हा बसून तीन तासांचे किती करायचे ते ठरवेल.

“म्हणजे नक्की काय ठरलं?” लिहिण्यासाठी मी विचारलं.

“पुन्हा बसायचं ठरलं,” अण्णा म्हणाले. “एकमताने. लिहा.”

मग आलं स्थळ. सभा नेहमी ए विंगच्या पार्किंगमध्ये होते, हा बी विंगवर अन्याय आहे, असं काकूंनी मांडलं. अण्णांनी ताबडतोब नागपूर करार काढला. २८ सप्टेंबर १९५३ रोजी झालेल्या या करारात ठरलं की मराठी मुलखाचं एक राज्य झालं तर सरकारने वर्षातला काही काळ नागपुरात मुक्काम करायचा आणि विधिमंडळाचं निदान एक अधिवेशन तिथे घ्यायचं. म्हणून दर हिवाळ्यात मंत्री, सचिव, फायली, शिपाई असा सगळा संसार विदर्भ गाठतो. वकीलसाहेबांनी त्याच धर्तीवर मसुदा केला: वर्षातली एक बैठक बी विंगच्या गच्चीवर.

“आणि पाऊस आला तर?” ज्याला खुर्च्या वर न्यायच्या होत्या त्याने, म्हणजे मी, विचारलं.

“२०१८ साली पावसाळी अधिवेशन नागपूरला नेलं होतं,” अण्णा म्हणाले. “जुलैत असा पाऊस झाला की विधानभवनाच्या वीजपुरवठ्याच्या खोलीतच पाणी शिरलं. दिवे गेले. त्या दिवसाचं कामकाज तहकूब. तुंबलेलं गटार उपसलं तर आतून बाटल्या निघाल्या.”

“कसल्या?” काकूंनी विचारलं.

“हा उपप्रश्न आहे. आधी मूळ प्रश्न संपू द्या.”

इथे माझ्यातला पुणेकर जागा झाला. मुंबईला दोन अधिवेशनं, नागपूरला एक. पुण्याने काय घोडं मारलं? मी तसं बोललो मात्र, अण्णा खुर्चीत ताठ झाले.

“अहो, होतं! पावसाळा लागला की मुंबई इलाख्याचं सरकार पुण्यात यायचं. आपला कॅम्पातला कौन्सिल हॉल त्याचसाठी. १९३५ च्या कायद्याने प्रांतांना आपला कारभार आपण करायची मुभा मिळाली, निवडणुका झाल्या, आणि मुंबई प्रांताची नवी विधानसभा पहिल्यांदा भरली १९ जुलै १९३७ ला. कुठे? पुण्यात! त्या कौन्सिल हॉलमध्ये! १७५ सभासद. बाळासाहेब खेर पंतप्रधान, प्रांताच्या प्रमुखाला तेव्हा असंच म्हणत. अध्यक्ष निवडले गेले दादासाहेब मावळंकर, तेच पुढे लोकसभेचे पहिले अध्यक्ष झाले. आणि समोरच्या बाकांवर कोण? डॉ. बाबासाहेब आंबेडकर!”

खोलीत शांतता पसरली. मग जे झालं ते सोसायटीच्या इतिहासात झालं नव्हतं: ए विंग आणि बी विंग एक झाल्या. पावसाळी अधिवेशन पुण्याला परत मिळालंच पाहिजे, असा ठराव काकूंनी मांडला आणि वकीलसाहेबांनी त्याला अनुमोदन दिलं.

“२८८ आमदारांच्या गाड्या लावणार कुठे?” कर्नलसाहेबांनी शंका काढली.

“पीएमटीने येतील,” वकीलसाहेब म्हणाले. पुण्यात ती पीएमपीएमएल होऊन बरीच वर्षं झाली, पण भावनेच्या भरात माणूस जुन्या बसमध्ये चढतो.

“लक्ष्मी रस्त्याने नको. गणपतीचे मंडप पडलेले असतील.”

“दुचाकीवरून आले तर हेल्मेट घालतील का?”

“पुण्यात आहेत म्हटल्यावर घालणार नाहीत. विरोध करतील.”

समितीचा उरलेला वेळ आमदारांची वाहतूक लावून देण्यात गेला. पत्रिकेवर नसलेला एकमेव विषय त्या दिवशी मंजूर झाला, आणि पत्रिकेवरचे सगळे पुढच्या बैठकीत गेले.

पुढच्या बैठकीत अण्णांनी प्रश्नोत्तराचा तास आणला. विधानसभेत दिवसाची सुरुवात त्यानेच होते. ज्या प्रश्नाला तोंडी उत्तर हवं त्याच्यापुढे तारा छापतात, म्हणून तो तारांकित. तारा नसलेल्याला लेखी उत्तर. तारांकितावर उपप्रश्न विचारता येतात, त्यामुळे आमच्या सोसायटीत तारा नसलेला प्रश्न एकही आला नाही. पहिला प्रश्न काकूंचा होता, अण्णांनी साच्यात बसवून दिलेला:

‘(१) बी विंगच्या टाकीतून पाणी झिरपते, हे खरे आहे काय; (२) असल्यास, त्याबाबत कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे; (३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’

उत्तरही त्यांनीच लिहून दिलं: ‘(१) हे अंशतः खरे आहे. (२) व (३) प्रश्न उद्भवत नाही.’

“टाकी अंशतः झिरपते म्हणजे?” मी विचारलं.

“रात्री झिरपताना कोणी पाहिलंय? तेवढा अंश वगळला.”

या उत्तराचं बळ मला फार आवडलं. तीन शब्दांत माणूस तीन वर्षं सुटतो. त्याच संध्याकाळी बायकोने विचारलं, “सिलिंडरचा नंबर लावलात का? नसल्यास, विलंबाची कारणं?”

“प्रश्न उद्भवत नाही,” मी म्हणालो.

“मग स्वयंपाकही उद्भवणार नाही.”

आमच्या घरात विरोधी बाकं जास्त अनुभवी आहेत.

त्यानंतर लक्षवेधी. तातडीच्या, लोकांच्या जिव्हाळ्याच्या गोष्टीकडे मंत्र्याचं लक्ष वेधायला विधानसभेत नियम १०५ खाली ही सूचना देतात. हत्यार धारदार, म्हणून मोजकं वापरायचं. पण लक्ष कोणाला वेधायचं नसतं? सूचनांचा ढीग झाला की सभागृहाला सकाळी लवकर विशेष बैठकीला बसावं लागतं. आमच्या गटावर अण्णांनी ‘लक्षवेधी सूचना पाठवाव्यात’ एवढं लिहिलं आणि रात्रीत पाऊस पडला. चौथ्या मजल्यावरचा तबला, जो तीन आठवडे तीनतालाच्या शोधात आहे. लिफ्टमध्ये सुकत घातलेली छत्री. तुळशीला घातलेलं पाणी खालच्या कुंडीतल्या निवडुंगावर पडून त्याची होणारी अबाळ. ‘सचिव जिन्यात दिसूनही न दिसल्यासारखे करतात’, ही सूचना तर दोन्ही विंगमधून संयुक्तपणे आली.

अण्णांनी कोणालाही नाही म्हटलं नाही. प्रत्येकासाठी त्यांच्याकडे आयुध होतं. लक्षवेधीत बसलं नाही ते अर्धा तास चर्चेत. अर्ध्या तासात मावलं नाही ते नियम २९३ च्या चर्चेत. तेही जमलं नाही तर औचित्याचा मुद्दा.

“आणि हरकतीचा मुद्दा वेगळा का?”

“वेगळा म्हणजे? हरकत असेल तर हरकतीचा. हरकत नसूनही बोलायचंच असेल तर औचित्याचा.”

दिवसाच्या कामकाजाचा क्रम तयार झाला तेव्हा तो लग्नाच्या रुखवतासारखा लांबलचक पसरला होता. मी त्यात वरपासून खालपर्यंत शोधलं.

“अण्णा, माझा राजीनामा?”

“त्याचाच विचार करतोय. तुम्ही समितीत असलात तरी राजीनामा ही तुमची खासगी इच्छा. म्हणजे ते अशासकीय कामकाज. ते शुक्रवारी घेतात.”

“सभा रविवारी आहे.”

“तीच तर अडचण आहे.”

एवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी आपल्या नातीला व्हिडिओ कॉलवर आणलं. ती एडिंबरोला असते आणि आजोबांच्या मते तिथल्या संसदेच्या मागच्याच गल्लीत राहते. ब्रिटनने काही कारभार स्कॉटलंडकडे सोपवला आणि १९९९ पासून तिथे त्यांची स्वतःची संसद भरू लागली. १२९ सभासद. वेळापत्रक ठरवायला त्यांचीही एक छोटी समिती आहे. त्यात पक्षांचे प्रतिनिधी बसतात आणि मतदान झालंच तर ज्याचे जितके सभासद तितकं त्याच्या एका हाताचं वजन.

“एका हाताला इतकी मतं?” काकूंनी वहीत टिपून घेतलं. बी विंगमध्ये दोन सदनिका जास्त आहेत.

“आणि काका, चर्चा दिवसभर होतात, पण मतदान शक्यतो संध्याकाळी पाच वाजता. सगळ्या ठरावांचं एकदम. त्याला निर्णयाची वेळ म्हणतात.”

“चर्चा संपली नसेल तर?” अण्णांनी विचारलं.

“प्रत्येक वक्त्याला मिनिटं ठरवून दिलेली असतात. वेळ संपली की बसतात.”

“स्वतःहून?”

“बहुतेक वेळा.”

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. परदेशात गेलेल्या पिढीवर किती विश्वास ठेवायचा, असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर होता.

“सभा किती वाजता भरते गं तुमच्याकडे?” काकूंनी विचारलं.

“मंगळवारी, बुधवारी दुपारी दोनला.”

“दोनला?” काकूंचा आवाज कापला. “मग लोक झोपतात कधी?”

स्कॉटलंडबद्दल पुण्याचं मत तिथेच पक्कं झालं. निर्णयाची वेळ मात्र आम्ही उचलली, फक्त आपल्या हवामानाला साजेल अशी: दुपारी साडेबाराची.

सभेचा रविवार उजाडला. विधानभवनाच्या पायऱ्यांवर विरोधक रोज सकाळी फलक घेऊन बसतात, हे काकूंनी टीव्हीवर पाहिलेलं. नऊपासूनच बी विंग जिन्याच्या पायऱ्यांवर रिकाम्या बादल्या घेऊन बसली होती. पाणी टाकीतून वाया जातं, तर बादल्या भरलेल्या हव्यात की रिकाम्या, यावर त्यांच्यात किंचित मतभेद दिसले. दूधवाल्याला जायला वाट नव्हती. त्याने औचित्याचा मुद्दा म्हणून पिशव्या तिथेच ठेवल्या.

दहा वाजले. पार्किंगमध्ये समिती आणि एक मांजर. अण्णा म्हणाले, विधानसभेत गणसंख्या एक दशांश लागते, म्हणजे २९. कमी भरली तर घंटा वाजवतात. आमच्याकडे घंटा एकच, लिफ्टमधली धोक्याची. वॉचमनने ती दाबली. तिसऱ्या मिनिटाला आख्खी सोसायटी खाली होती, काही जण दागिन्यांच्या डब्यासह. पहिल्यांदाच गणसंख्या वेळेवर पूर्ण झाली आणि अर्धा तास तहकुबीचं नोटिशीतलं वाक्य वाया गेलं.

शोकप्रस्तावाने सुरुवात झाली. वळवाच्या पावसात पडलेल्या गेटजवळच्या गुलमोहरावर कर्नलसाहेब बोलले, काकू बोलल्या, ज्यांच्या गाडीवर तो पडला तेही बोलले, पण त्यांचं भाषण कामकाजातून काढून टाकावं लागलं. मग सगळे स्तब्ध उभे राहिले. पहिल्या दिवशी शोकप्रस्तावानंतर सभागृह तहकूब होतं हे अर्ध्या लोकांनी कुठेतरी वाचलं होतं. ते स्तब्धतेतूनच हळूहळू जिन्याकडे सरकू लागले. त्यांना परत आणायला मला गेट लावून घ्यावं लागलं.

प्रश्नोत्तराच्या तासात प्रश्न एकच झाला. ‘अंशतः’ ऐकताच बी विंग उठून मोकळ्या जागेत आली. विधिमंडळात राजदंड पळवून कामकाज थांबवल्याचे प्रसंग घडलेले आहेत, आणि आमच्याकडे कर्नलसाहेबांची काठी होती. बी-नऊच्या कॉलेजकुमाराने ती उचलली आणि दुचाकींमधून पळ काढला. काठीविना कर्नलसाहेबांना खुर्चीतून उठता येईना. त्यामुळे अध्यक्ष उभे राहून शिस्त लावू शकत नाहीत, असा घटनात्मक पेच उभा राहिला. काकूंनी सभात्याग जाहीर केला. बी विंग बाहेर पडली आणि कुंपणाच्या भिंतीपलीकडे उभी राहून आतलं सगळं ऐकू लागली. मध्येच भिंतीपलीकडून उपप्रश्नही येत होते.

“सभात्याग केलाय ना?” वकीलसाहेब ओरडले.

“आम्ही रस्त्यावर उभे आहोत. रस्ता महानगरपालिकेचा आहे!”

हरकतीच्या मुद्द्यांवर औचित्याचे मुद्दे चढले. तबल्याच्या लक्षवेधीला उत्तर म्हणून चौथ्या मजल्याने प्रत्यक्ष तबलाच खाली आणला. समिती पहिल्या तासानंतर पुन्हा बसली आणि तीन तासांचे किती करायचे हे दुपारच्या बैठकीत ठरवायचं ठरवून उठली. साडेबारा वाजायला आले. इतिवृत्त अजून कायम झालं नव्हतं. मी खिशातल्या राजीनाम्यावरून हात फिरवला.

आणि मग आचाऱ्याने गेटमधून आवाज दिला: “पुऱ्या तळायला घेऊ का? गार झाल्या तर मी जबाबदार नाही.”

भिंतीपलीकडची बी विंग क्षणात आत आली. काठी परत आली. अण्णा उभे राहिले. आयुष्यभर ज्या क्षणाची तयारी केली तो आल्यासारखा त्यांचा चेहरा उजळला होता. त्यांनी गिलोटिन पुकारलं. अर्थसंकल्पी अधिवेशनात सगळ्या खात्यांच्या मागण्यांवर बोलायला वेळ पुरत नाही. मग ठरलेल्या घटकेला राहिलेल्या मागण्या चर्चेविना एकामागून एक मताला टाकतात आणि कोटींचे आकडे मिनिटांत पार होतात.

“विषय एक, होय म्हणणारे?”

“होय!”

“विषय दोन?”

“होय!”

लिफ्टचं कंत्राट झालं. इमारतीचा रंग झाला. कोणता, ते कोणी विचारलं नाही. ज्या देखभाल खर्चाच्या वाढीवरून पूर्वी दोन कुटुंबांनी एकमेकांच्या मुंजीला जाणं सोडलं होतं, ती वाढ काकूंच्या अनुमोदनाने मंजूर झाली, कारण त्या तेव्हा रांगेत पुढची जागा धरत होत्या. टाकीची दुरुस्ती तर अण्णांनी पूर्ण वाचायच्या आतच मंजूर झाली. सबंध वर्षभराची चर्चा एका बाजूला आणि तेलाचा वास एका बाजूला. वास बहुमताने जिंकला. नऊ झाला, दहा झाला. मी उठून उभा राहिलो.

अण्णांनी फाइल बंद केली. “सभा समाप्त झाली आहे.”

“अण्णा! विषय अकरा राहिला!”

“गिलोटिन पैशाच्या मागण्यांना असतं. तुमच्या राजीनाम्यात पैसा कुठे आहे?”

“मांजरांच्या विषयात तरी कुठे होता?”

“त्यांच्या दुधाची तरतूद आहे.”

“मग माझं आता काय?”

“अधिवेशन संस्थगित झालं,” अण्णा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. “प्रलंबित विधेयकं त्याने मरत नाहीत. पण नुसत्या सूचना व्यपगत होतात. तुमची व्यपगत झाली. वाईट वाटून घेऊ नका, नव्याने सूचना द्या.”

“कोणाकडे?”

“नियमाप्रमाणे सचिवांकडे.”

मी तिथल्या तिथे कागद काढला, सूचना लिहिली, उजव्या हातातून डाव्या हातात दिली आणि तारीख घालून पोचही दिली. सूचना स्वीकारायची की नाही यावर मी अजून कोणताही निर्णय घेतलेला नाही.